लांब पल्ल्याचा ट्रक ड्रायव्हर व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २३ वर्षं लाइनवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रकवर काढली, त्यातली पहिली तीन क्लिनर (ड्रायव्हरचा मदतनीस) म्हणून. आता नाशिक-पुणे पट्ट्यातल्या नव्या मुलांना हाताखाली घेऊन शिकवतो. मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, हल्ली बायकाही फोन करून विचारतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

ट्रकचं लायसन काढायला काय काय लागतं?

वय २० पूर्ण हवं आणि हलक्या वाहनाचं लायसन हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं हवं. त्यानंतर ट्रकसाठी शिकाऊ लायसन, डॉक्टरचा फॉर्म १-अ (तब्येतीचा दाखला), ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ (शिकल्याचा दाखला) आणि ३० दिवसांनंतर आरटीओची परीक्षा. अर्ज सरकारच्या सारथी पोर्टलवर, ऑनलाइन होतो. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये निघाली. आमच्या भागातल्या कितीतरी चांगल्या हातांना त्या एका अटीने वर्षानुवर्षं क्लिनरच ठेवलं होतं, त्यामुळे ती गेल्याचा मला आनंद आहे. पण पाट्या, बिल्टी (भरलेल्या मालाची पावती) आणि चलन वाचता यायलाच हवं. येत नसेल तर आधी ते शिका.

हे लायसन पाच वर्षं चालतं. पेट्रोल, गॅस, केमिकलचे टँकर चालवायचे असतील तर धोकादायक मालाचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसनवर तशी नोंद लागते. तिची मुदत तीन वर्षं.

माझ्याकडे फक्त कारचं लायसन आहे. त्यावर टेम्पो चालवला तर चालेल?

एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेल्या गाडीला चालेल. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पक्कं केलं. त्यापुढच्या गाडीला जड वाहनाचंच लायसन लागतं. माझं मत विचाराल तर लाइनवर जायच्या आधी एक-दोन वर्षं छोटा टेम्पो जरूर चालवा. भिवंडीच्या गोदामांच्या गल्ल्यांत जो टेम्पो मागे घ्यायला शिकला, त्याचे आरसे कायमचे डोळ्यांत बसतात.

शिकायचं कुठे? स्कूलमध्ये की उस्तादाच्या हाताखाली?

दोन्हीकडे, आणि याच क्रमाने.

जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. तिथे जड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा आहे, सहा आठवड्यांत पुरा करायचा. तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चाचणी पुन्हा द्यावी लागत नाही. पुण्याजवळ भोसरीला केंद्रीय सडक परिवहन संस्था आहे, तिथेही चालकांचं प्रशिक्षण होतं. गल्लीतल्या ज्या स्कूलमध्ये फॉर्म ५ नुसता सही करून मिळतो, तिथे जाऊ नका. तो कागद घाटात कामाला येत नाही.

पण ३८ तासांत गाडी हलवायला येते, धंदा येत नाही. तो उस्तादाकडेच येतो. माझ्या उस्तादांनी मला आठ महिने स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. तेव्हा राग यायचा. त्या आठ महिन्यांत मी काय शिकलो ते सांगतो. पहाटे उठून टॉमीने (लोखंडी पहारीने) प्रत्येक टायर वाजवायचा. हवा भरलेला टायर टणक वाजतो, बसलेला टायर भद्द वाजतो. जोडटायरच्या मधे अडकलेला दगड काढायचा, नाहीतर तो सुटून मागच्या दुचाकीवाल्याच्या कपाळात बसतो. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, त्या हवेच्या टाकीतलं, एअर टँकमधलं पाणी सोडायचं. पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) तुटलेत का ते खाली वाकून बघायचं. फाळक्याची (मागच्या झडपेची) कडी, ताडपत्रीचे पदर, दोराची गाठ. गाठ अशी मारायची की हिसक्याला सुटणार नाही, पण भर पावसात अंधारातही बोटांना सोडता येईल. मग गाडी मागे घेताना डाव्या बाजूला, ड्रायव्हरला आरशात दिसेल असं उभं राहून हाळी द्यायची. क्लिनर गाडीच्या बरोबर मागे उभा राहिला की उस्ताद गाडी बंद करून खाली उतरायचे आणि त्या दिवशी माझ्याशी बोलायचे नाहीत.

ट्रेलरचं मागे घेणं वेगळं. मागचं अंग उजवीकडे न्यायचं असेल तर स्टिअरिंग आधी डावीकडे फिरवायचं आणि ट्रेलर वळायला लागला की लगेच सोडत आणायचं. हे सांगून कळत नाही. रिकाम्या मैदानात दोनशे वेळा करावं लागतं.

हल्ली बहुतेक मालक क्लिनर देत नाहीत, ड्रायव्हर एकटाच जातो. त्यामुळे शिकायची ही शाळाच बंद पडत चालली आहे, आणि मला याची फार काळजी वाटते. कुणी मालक अजून जोडीने गाडी पाठवत असेल तर पगार थोडा कमी असला तरी पहिलं वर्ष त्याच्याकडे काढा.

घाट उतरताना न्यूट्रल केलं तर डिझेल वाचतं म्हणतात. खरं आहे का?

नाही. हे उत्तर सविस्तर देतो, कारण यावर माणसं मरतात.

लोड गाडी उतारावर न्यूट्रल केली की इंजिनाची पकड सुटते. सगळं वजन ब्रेकवर येतं. ब्रेक सतत दाबून ड्रम तापतो, लायनर जळाल्याचा वास येतो आणि मग पाय कितीही दाबा, गाडी धरत नाही. कुणी त्याहून पुढे जाऊन इंजिनच बंद करतो. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, म्हणजे टाकीत नवी हवा भरत नाही. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. दोन-चार वेळा ब्रेक मारला की हवेचा काटा खाली येतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे येणारा उतार बघा. रस्ता गुळगुळीत, वळण सौम्य, घाट वाटतच नाही. म्हणूनच तिथे न्यूट्रल करायचा मोह होतो आणि खाली शहराची गर्दी उभी असते. धुळे जिल्ह्यातल्या पळसनेरजवळचा बिजासन घाट, कसारा, खंबाटकी, बोरघाट, सगळीकडे गोष्ट तीच.

आणि मुळात डिझेल वाचतच नाही. आताच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक इंजेक्टरचं डिझेल बंद करतो. चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. म्हणजे जीव टांगणीला लावून तुम्ही डिझेल जास्तच जाळता.

रीत अशी आहे. घाट सुरू व्हायच्या आधी, सपाटीवरच गिअर पाडायचा, म्हणजे खालचा गिअर टाकायचा. लोड गाडी हा घाट ज्या गिअरमध्ये चढली असती, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग पाडणारा ब्रेक) लावायचा. पायाचा ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही, एकदा ठाम दाबून वेग पाडायचा आणि सोडायचा. हवेच्या काट्यावर नजर ठेवायची. मागून कुणी हॉर्न मारत असेल तर मारू द्या.

एका फेरीचे दिवस कसे जातात?

मी सगळ्यात जास्त केलेली फेरी सांगतो. पिंपळगाव बसवंतहून दिल्लीला कांदा. सुमारे १,२५० किलोमीटर.

दुपारी लिलाव उरकतो, पण गोण्या भरून गाडी लागायला संध्याकाळ होते, कधी रात्र. तोवर ड्रायव्हर नुसता थांबलेला असतो. लोक याला आराम समजतात. तो आराम नाही. दर अर्ध्या तासाने गाडी पुढे घ्या, मागे घ्या, वजनकाट्यावर चला, असं सुरू असतं. थप्पी नीट बसली का, वजन एका बाजूला गेलं नाही ना, हे स्वतः बघावं लागतं. कांदा हा श्वास घेणारा माल आहे. ताडपत्री घट्ट आवळली तर आत घाम धरतो आणि सडतो, उघडी ठेवली तर पावसात भिजतो. दोन्हीकडून शिव्या ड्रायव्हरला.

मग रात्री निघायचं. चांदवडचा राहुड घाट, मालेगाव, धुळे, शिरपूर, पळसनेर, घाट चढून सेंधवा, खलघाटला नर्मदा, मग इंदूर. पुढे गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा, मथुरा. नर्मदेवर मी नेहमी गाडी बाजूला लावून आंघोळ करायचो. थकव्याने माणूस चिडचिडा होतो आणि चिडलेला माणूस ओव्हरटेक करतो. थंड पाण्याने ते निवतं. दिल्लीच्या वेशीवर दिवसा जड गाड्यांना नो एंट्री, म्हणून रात्र व्हायची वाट बघत उभं राहायचं, मध्यरात्री आझादपूर मंडीत शिरायचं, पहाटे गाडी खाली. त्यानंतर परतीचं भाडं शोधायचं. ते दोन तासांत मिळतं किंवा चार दिवस मिळत नाही. ते चार दिवस ट्रान्सपोर्ट नगरच्या धुळीत काढायचे, भत्त्यातून खाऊन.

आता हिशोब करा. ट्रकचा दिवसभराचा सरासरी वेग ताशी ४० च्या आसपास पडतो. म्हणजे १,२५० किलोमीटरला ३१ तास नुसतं स्टिअरिंगवर. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि लांबच्या मार्गावर परवानगीने फार तर १० तास काम, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं घालून दिलं. त्या मापाने दिल्लीला चौथा दिवस उजाडतो. व्यापाऱ्याला गाडी त्याच्या आधी हवी असते. मधले तास कुठून येतात? ड्रायव्हरच्या झोपेतून. या धंद्यातल्या पगाराचं, वेगाचं, अपघाताचं, व्यसनाचं मूळ शोधत गेलात तर तुम्ही इथेच येऊन थांबाल.

झोप आवरण्यासाठी काय करावं?

झोप आवरायची नाही, झोपायचं.

चहा, तंबाखू, गुटखा, मोठ्याने गाणी, डोळ्यांवर पाणी, मिरची चावणं, मी सगळं करून पाहिलंय. त्याने तुम्हाला जागं असल्यासारखं वाटतं एवढंच. काही जण गोळ्या घेतात, उत्तरेकडच्या काही ढाब्यांवर अफूच्या बोंडांचा भुसाही मिळायचा. त्याच्या नादी लागलेली दोन चांगली माणसं मी गमावली आहेत. त्यांची पोरं आज माझ्याकडे शिकायला आहेत.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. त्या वेळी ज्या मालकाकडे होतो, त्याने दिल्लीहून आल्या आल्या दुसरी गाडी भरून तयार ठेवली होती. मी नाही म्हणालो नाही. पहाटे साडेचारला शिरपूरच्या पुढे माझे डोळे उघडे होते, असं मी आजही शपथेवर सांगेन. पण मला रस्ता दिसत नव्हता. क्लिनर पोरगा ओरडला तेव्हा डावी चाकं मातीत उतरलेली होती आणि पुढे पन्नास पावलांवर चहाची टपरी होती. टपरीत एक म्हातारी चूल पेटवत होती. गाडी थांबली. मी खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसलो आणि रडलो. त्या दिवसानंतर रात्री दोन ते पहाटे पाच मी गाडी चालवली नाही. त्यापायी दोन नोकऱ्या सोडल्या.

तर ऐका. दोन ते पाच गाडी उभी. जांभया सलग येऊ लागल्या, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, गाडी पट्ट्याकडे सरकू लागली, की पुढच्या पंपावर थांबा. वीस मिनिटांची डुलकी चहाच्या दहा कपांपेक्षा जास्त काम करते. उठल्यावर लगेच निघू नका, पाच मिनिटं गाडीभोवती फिरा, टायर वाजवा. हमरस्त्याच्या कडेला, लाइट बंद करून कधीही झोपू नका. उभ्या ट्रकला मागून धडकून लोक मरतात. पंप, ढाबा, टोलनाक्यापुढची मोकळी जागा बघा. तेल कंपन्यांच्या काही पंपांवर आता ‘अपना घर’ नावाच्या सोयी झाल्या आहेत, तिथे खाट, न्हाणीघर आणि स्वतःचा स्वयंपाक करायला जागा मिळते.

पूर्वी नाक्यांवर दिवस जायचे. आता जीएसटी आणि फास्टॅगमुळे ड्रायव्हरचं काम सोपं झालं ना?

कागदाचं काम नक्कीच सोपं झालं. मुंबईच्या जकात नाक्यावर मी अख्ख्या रात्री काढल्या आहेत. १ जुलै २०१७ ला ती जकात गेली, फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. पण त्या नाक्यावरच्या रांगेत आम्ही झोपायचो. वाचलेले ते तास ड्रायव्हरला मिळायला हवे होते. ते महिन्याच्या जादा फेऱ्यांत गेले. आणि आता गाडीत जीपीएस असतो, थांबलात की दहा मिनिटांत फोन येतो.

पगार किती मिळतो?

आकडा गाडीवर, मार्गावर आणि मालकावर ठरतो, म्हणून मी पद्धत सांगतो. काही ठिकाणी महिन्याचा पगार आणि रोजचा भत्ता. काही ठिकाणी किलोमीटरवर. काही ठिकाणी फेरीचा खर्च ठरवून हातात देतात, डिझेल-जेवण त्यातच, उरेल ते ड्रायव्हरचं. या शेवटच्या पद्धतीपासून लांब राहा. घाटात न्यूट्रल करणारे, उपाशी चालवणारे, न थांबणारे बहुतेक या पद्धतीतले असतात. वरवर पैसे जास्त दिसतात, पण ती कमाई ब्रेकमधून आणि झोपेतून काढलेली असते.

ठरवताना हे विचारून घ्या. गाडीचं ॲव्हरेज कोणतं धरणार? भरलेली दहा टायर गाडी लिटरला साधारण चार किलोमीटर देते, घाटाच्या मार्गावर त्याहून कमी. मालक साडेपाच धरत असेल तर फरक तुमच्या पगारातून कापणार आहे. ई-चलन कोण भरणार? टायर फुटला तर? भाडं न मिळता उभं राहिलो त्या दिवसांचा भत्ता मिळणार का? आणि सगळ्यात आधी, रात्री गाडी उभी करायची की नाही हे कोण ठरवणार? मालक या प्रश्नावर चिडला तर नमस्कार करून बाहेर पडा. चांगले मालक आहेत. मी शेवटची नऊ वर्षं एकाकडे काढली, तो स्वतः रात्री अकराला फोन करून विचारायचा, ‘जेवलास का, कुठे लावलीस गाडी?’

वाराई म्हणजे काय? ती ड्रायव्हरने का द्यायची?

माल भरताना-उतरवताना हमालांच्या नावाने ड्रायव्हरकडून जे पैसे घेतात त्याला वाराई म्हणतात. माल व्यापाऱ्याचा, हमाल व्यापाऱ्याच्या दारातला, आणि पैसे गाडीवाल्याने द्यायचे. यावर महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांनी ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही घोषणा घेऊन कितीदा आंदोलनं केली. काही ठिकाणी प्रथा बंद झाली, काही ठिकाणी चालूच आहे. हमालांशी भांडू नका, तेही आपल्यासारखेच पाठीवर जगणारे आहेत. भाडं ठरतानाच वाराई कुणाची हे मालकाने बिल्टीवर लिहून घेतलं पाहिजे, तसा आग्रह धरा.

मालक ओव्हरलोड भरायला सांगतो. नाही म्हणता येतं का?

म्हणता येतं, आणि म्हणायलाच हवं. २०१८ मध्ये सरकारने वजनाची मर्यादा वाढवली. तीन धुऱ्यांची, म्हणजे दहा टायरची गाडी २५ टनांवरून २८.५ टनांवर गेली, आणि मोठे ट्रेलर ४९ वरून ५५ टनांवर. हे गाडीसकट वजन आहे. त्यावर भरलं तर २०,००० रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये. दंड मालक भरेल. पण ब्रेक लागला नाही तर केबिनमध्ये तुम्ही असता. काट्याची पावती स्वतः बघितल्याशिवाय गाडी हलवू नका.

बरोबर कोणते कागद ठेवायचे?

लायसन, आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी, परमिट, बिल्टी आणि मालाचं बिल. गाडीचे कागद डिजिलॉकरमध्ये किंवा एमपरिवाहनवर दाखवले तरी चालतात. ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल (माल नेण्यासाठी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद) लागतं, कांद्यासारख्या ताज्या भाजीपाल्याला सूट आहे. ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. गाडी बंद पडली, रस्ता अडला तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते. मालकाला लगेच कळवा. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत युरिया, म्हणजे धूर साफ करणारं द्रावण, संपू देऊ नका, इंजिन ताकद सोडतं आणि गाडी नको तिथे रखडते.

तब्येतीचं काय?

कंबर, डोळे, साखर, रक्तदाब आणि मुतखडा. बाथरूम सापडणार नाही म्हणून पाणी कमी पिण्याची सवय लागते आणि ती पुढे महागात पडते. दर सहा महिन्यांनी साखर आणि डोळे तपासा. ट्रान्सपोर्ट नगरांमध्ये ड्रायव्हरांसाठी ‘खुशी क्लिनिक’ चालवली जातात, तिथे गुप्तरोग आणि एचआयव्हीचा सल्लाही मिळतो. लाज धरू नका. आमच्या पिढीतल्या कितीतरी घरांत ही लाज बायकोपर्यंत आजार घेऊन गेली.

जेवण शक्य तेव्हा स्वतः करा. छोटी शेगडी, एक भगुलं, तांदूळ, मूगडाळ, कांदा, घरचं तिखट. गाडीच्या सावलीत पंचवीस मिनिटांत खिचडी होते. शेगडी केबिनमध्ये पेटवू नका आणि सिलिंडर नीट बंद करून ठेवा.

एसी केबिन आता सक्तीची झाली का?

हो, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना. जुन्या गाड्यांना नाही. मे महिन्यात विदर्भातून दुपारी गाडी नेताना केबिनचा पत्रा हाताला चटका देतो. ज्यांनी ते भोगलंय त्यांना विचारा ही चैन आहे का. एवढंच सांभाळा, एसीच्या गारव्यात भरल्या पोटी डोळा लवकर लागतो.

समृद्धी महामार्गावर चालवणं सोपं आहे का?

रस्ता सुंदर आहे. नागपूर ते शिर्डीचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये उघडला, जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू झाला. पण वळण नाही, गाव नाही, म्हैस आडवी येत नाही. एकसुरी सरळ रस्ता डोळे उघडे ठेवून झोपवतो. त्यात तापलेलं काँक्रीट, म्हणून चढण्याआधी थंड टायरात हवा तपासा. घासलेला टायर घेऊन त्यावर जाऊच नका. थांबायच्या जागा मोजक्याच आहेत, कुठे थांबणार ते आधी ठरवा.

अपघात झाला तर पळून जावं का? लोक मारतात म्हणून विचारतो.

ही भीती खरी आहे, मी जमाव पाहिला आहे. कायद्यालाही ती माहीत आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं की जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं हे चालकाचं कर्तव्य आहे, मात्र जमावाच्या रागामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या कारणाने ते शक्य नसेल तर सूट आहे. पण पोलिसांना कळवण्यातून सुटका नाही. जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत सांगावंच लागतं.

म्हणून असं करा. गाडी थांबवा, इंडिकेटर लावा, ११२ ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला. जमाव अंगावर येत असेल तर तिथून निघा आणि थेट ठाण्यात जाऊन बसा. जखमीच्या उपचारासाठी २०२५ पासून दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवसांची कॅशलेस योजना आहे, हे तिथल्या लोकांना सांगा.

जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या आणि पंपांवर रांगा लागल्या, ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) वरून. न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं ते कलम. १ जुलै २०२४ ला बाकीची संहिता लागू करताना हे उपकलम बाजूला ठेवलं गेलं.

बायका हे काम करू शकतात का?

करत आहेत. नंदुरबारला वाढलेल्या योगिता रघुवंशी वकिलीच्या पदवीधर. पतीच्या निधनानंतर त्यांनी ट्रकचं स्टिअरिंग धरलं आणि भोपाळहून देशभर गाडी नेली. जमतं की नाही हा प्रश्न उरलेला नाही. उरला आहे तो स्वच्छ, कडी लागणाऱ्या संडासाचा आणि रात्री सुरक्षित पार्किंगचा. ते झालं तर पुरुष ड्रायव्हरही दुवा देतील.

घरच्यांनी काय करावं? ड्रायव्हरला मुलगी द्यायला लोक तयार नसतात.

हे ऐकून मला फार वाईट वाटतं. तुमच्या ताटातला कांदा, औषधाच्या दुकानातली गोळी, घराची सळई, सगळं कुणीतरी रात्र जागून आणलेलं असतं. मुलीच्या बापाने विचारायचंच असेल तर मुलगा पितो का, आणि मालक त्याला झोपू देतो का, हे दोन विचारावेत.

घरच्यांना एकच विनंती. फोनची वेळ ठरवून घ्या, गाडी उभी असतानाची. चालत्या गाडीत फोन करू नका आणि त्याने उचलला तर ठेवून द्या. वाईट बातमी असेल तर ‘कुठे आहेस, थांबलायस का’ हे विचारल्याशिवाय सांगू नका. माझे वडील गेले तेव्हा माझ्या बायकोने आधी मला गाडी बाजूला लावायला लावली, पाणी प्यायला लावलं, मग सांगितलं. एवढं शहाणपण मी फार थोड्या माणसांत पाहिलं. शिवाय वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँकेतून सुरू करून घ्या. मालकाच्या विम्यात पगारी ड्रायव्हर धरलेला आहे का, तेही बघा.

परदेशात ट्रक चालवायला जावं का?

जाता येतं, पण एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ईमायग्रेट यादीत नोंदलेला आहे का ते आधी बघा. नोंदणीकृत एजंटाला फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. कुणी लाखांत मागत असेल, किंवा टुरिस्ट व्हिसावर चल म्हणत असेल, तर जाऊ नका.

पहिल्या फेरीला बरोबर काय न्यावं?

दोन जोड कपडे, चादर, मच्छरदाणी, टॉर्च, टॉमी, हवेचा गेज, जादा दोर, परावर्तक त्रिकोण, पाण्याचा दहा लिटरचा कॅन, ओआरएस, रोजच्या गोळ्या, थोडी रोख रक्कम बुटात. घरच्यांचे नंबर कागदावर लिहून खिशात, कारण मोबाइल हरवतो. आणि गजराचं साधं घड्याळ. मोबाइलचा गजर लावला की झोपेतून उठल्या उठल्या मालकाचे आणि व्यापाऱ्याचे मेसेज दिसतात, आणि पायाखालची जमीन नीट लागायच्या आत माणूस किल्ली फिरवतो. घड्याळाने उठा, खाली उतरा, टायर वाजवा, मग फोन बघा.